इंग्रजीच्या प्राध्यापकांनी संघटना कशासाठी बांधावी?

प्राध्यापकांच्या संघटना महाराष्ट्राला नव्या नाहीत. महाराष्ट्र प्राध्यापक महासंघ म्हणजेच ‘एमफुक्टो’, पुण्याची ‘पुक्टो’, मुंबईची ‘बुक्टू’, कोल्हापूरची ‘सुटा’, विदर्भातील ‘नुटा’ ही नावे चळवळीशी संबंध असलेल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहेत. १९८७ सालचा देशव्यापी संप आणि २०१३ सालच्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चाललेला परीक्षाकामावरील बहिष्कार हे या संघटनांच्या इतिहासातील ठळक टप्पे होत. संस्थाचालकाने एका आकड्यावर सही घ्यावी आणि हातावर दुसराच आकडा ठेवावा, हा प्रकार खाजगी महाविद्यालयांत एके काळी राजरोस चालत असे. तो मोडून निघाला तो कोणाच्या कृपेने नव्हे, संघटित प्राध्यापकांच्या बळावर.

दुसऱ्या बाजूला विषयवार परिषदा आहेत. प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. त्या विषयाच्या अध्यापकांना मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या रूपाने एक व्यासपीठ लाभले आणि तेथे विषयाची चर्चा मराठीतून होऊ शकते हे सिद्ध झाले. इंग्रजीच्या शिक्षकांची अखिल भारतीय संघटना ‘एल्टाय’ १९६९ साली मद्रासेत स्थापन झाली. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात इंग्रजीच्या प्राध्यापकांची ‘सुएटा’ आहे. अशा परिषदा अधिवेशने भरवितात, निबंधवाचने घडवून आणतात, अध्यापनाच्या पद्धतींवर खल करतात.

म्हणजे पगाराचे बोलावयाचे ते एका सभेत आणि पाठ्यक्रमाचे बोलावयाचे ते दुसऱ्या सभेत, अशी ही वाटणी झालेली आहे. वरवर पाहता ती सोयीची वाटते. परंतु तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्याच्या आणि त्याच्यापुढे बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या ती मुळावर आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोण शिकवितो, किती मोबदल्यावर शिकवितो, किती मुलांना शिकवितो आणि काय शिकवितो हे चार प्रश्न तालुक्याच्या पातळीवर एकमेकांपासून सुटे करताच येत नाहीत. त्यांना एकत्र धरणारी संघटना हवी आणि तिची सुरुवात मावळासारख्या तालुक्यापासून व्हावयास हवी, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मावळचे महाविद्यालय कोणासाठी?

अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाचा एक प्रकार आहे. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे त्याचा आरंभ झाला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, माफक फी, घरापासून जवळचे ठिकाण आणि कामधंदा सांभाळून शिकण्याची मुभा ही त्याची लक्षणे. आपल्या देशातही १९९० नंतरच्या दशकात पाँडिचेरी व मद्रास येथे या नावाचे प्रयोग झाले आणि २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने तशी योजनाच जाहीर केली. परंतु नावाच्या मागे न लागता कार्याकडे पाहिले, तर आपल्याकडील खरी कम्युनिटी कॉलेजे म्हणजे तालुक्यातालुक्यांतील कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयेच होत. लोणावळ्याचे डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालय असो की तळेगाव दाभाडे येथील इंद्रायणी महाविद्यालय असो, अशी महाविद्यालये उभी राहिली ती पुण्याला राहून शिकणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी.

हा विद्यार्थी कोण आहे? तो आंदर मावळातून, नाणे मावळातून, पवन मावळातून एसटीने किंवा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येतो. कामशेत, मळवली, कान्हे येथून लोकलने येतो. त्याच्या घरी इंद्रायणी तांदळाचे थोडे भात आहे. वडिलांची काही जमीन धरणात, काही द्रुतगती मार्गात, काही औद्योगिक क्षेत्रात गेलेली असते. शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड उडाली की हा विद्यार्थी हॉटेलात, चिक्कीच्या दुकानात किंवा मुंबईकराच्या बंगल्यावर कामाला असतो. मुलींची गोष्ट आणखी वेगळी. शेवटची एसटी चुकली तर उद्यापासून कॉलेज बंद, ही टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर कायम असते.

या विद्यार्थ्याला इंग्रजी हवे आहे का? ज्यांची मुले इंग्रजी शाळांतून शिकून बाहेरदेशी स्थिरावली, अशा मंडळींनी त्याला ‘तुला इंग्रजीची काय गरज’ असे विचारू नये. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन २०२० सालच्या डिसेंबरात थांबले आणि पुढल्या वर्षी चौदाशेहून अधिक कामगारांवर कपातीची कुऱ्हाड कोसळली. बहुराष्ट्रीय कंपनीतील कामगाराचे नशीब ज्या कागदांवर लिहिले जाते, नेमणुकीच्या अटी, स्वेच्छानिवृत्तीची योजना, मालकीहक्काच्या हस्तांतराचे करार, ते कागद बहुधा इंग्रजीतच असतात. जमिनीचा दावा वडगावच्या कोर्टात असेतोवर मराठीत चालतो. तोच मुंबईला उच्च न्यायालयात गेला की घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदान्वये कामकाजाची भाषा इंग्रजी होते आणि शेतकरी स्वतःच्याच दाव्यात मुका होऊन बसतो. कारखान्यातील सुरक्षेची पाटी, औषधाच्या खोक्यावरील सूचना, विम्याची पॉलिसी, बँकेच्या कर्जाचा करार यांची यादी कितीही लांबविता येईल.

तेव्हा मावळच्या मुलाला इंग्रजी हवे आहे ते साहेब होण्यासाठी नव्हे, फसविले जाऊ नये म्हणून. हा भेद ज्याच्या ध्यानी आला त्याला पाठ्यक्रमाचा प्रश्न निव्वळ विद्वानांचा प्रश्न वाटणार नाही. पदवीच्या वर्गात इंग्रजीचे पुस्तक उघडले जाते, दोन-चार धडे व कविता मराठीतून समजावून सांगितल्या जातात, मुले गाइड व अपेक्षित प्रश्नसंच पाठ करतात, उत्तीर्ण होतात, आणि पदवी हाती घेतलेल्या मुलाला अर्जाचे चार ओळींचे पत्र लिहिता येत नाही. हा दोष मुलाचा नाही, आणि ज्या परिस्थितीत त्याच्या शिक्षकाला शिकवावे लागते ती पाहिली तर सर्वस्वी शिक्षकाचाही नाही.

तासिकेचा हिशेब

ही परिस्थिती आकड्यांत पाहू. महाराष्ट्रात प्राध्यापकांची भरती वर्षानुवर्षे रोखून धरण्यात आली. २०१८ साली शासनाने ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास मान्यता दिली. त्यांतलीच २,०८८ पदे २०२१ साली भरावयाची राहिलेली होती. शिक्षक निवृत्त होतात, त्यांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि वर्ग मात्र चालवावेच लागतात. ही फट बुजविण्यासाठी जो माणूस वापरला जातो त्याला ‘तासिका तत्त्वावरील शिक्षक’ म्हणतात. तो एम. ए. झालेला असतो, नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेला असतो, पुष्कळदा पीएच. डी. असतो. इंग्रजीसारखा सर्व शाखांना लागणारा विषय त्याच्या खांद्यावर विशेष भाराने येतो.

समजा, अशा शिक्षकाकडे आठवड्याला ९ तासिका आहेत. हा पूर्णवेळ कार्यभाराचा साधारण निम्मा भाग झाला. अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे वर्षाचे अध्यापनाचे दिवस १८०, म्हणजे ३० आठवडे धरू. २०१८ सालच्या सुधारणेनंतरचा पदवी वर्गाचा दर तासिकेला ५०० रुपये होता. ९ गुणिले ३० गुणिले ५००, म्हणजे वर्षाला १,३५,०००. महिन्याला सरासरी ११,२५० रुपये. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर्षाचे ६,९२,४००. महागाई भत्ता, घरभाडे, निवृत्तिवेतनाचा वाटा हे सारे बाजूला ठेवले तरी निम्म्या कामाला पाचव्या हिश्श्याहूनही कमी मोबदला पडतो. पुढे दर वाढले. ते दुप्पट झाले असे धरले तरी वर्षाची बेरीज २,७०,००० होते. निम्म्या कामाच्या नुसत्या मूळ वेतनाहून ती पाऊण लाखाने कमीच राहते. खुद्द अनुदान आयोगाने २०१९ सालच्या जानेवारीत अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानामागे १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचविला होता. त्या वेळी राज्याचा दर त्याच्या एक-तृतीयांश होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

यात आणखी एक मेख आहे. तासिकेचे पैसे म्हणजे वर्गात उभे राहिल्याचे पैसे. कला व वाणिज्य शाखांच्या एका तुकडीत १२० विद्यार्थी असतात. इंग्रजी लिहावयास शिकवावयाचे तर मुलांकडून लिहून घेतले पाहिजे आणि लिहिलेले तपासले पाहिजे. त्याला दुसरा मार्ग नाही. १२० मुलांनी प्रत्येकी एक पान लिहिले आणि एका पानाला पाच मिनिटे दिली, तर ६०० मिनिटे, म्हणजे दहा तास होतात. या दहा तासांचा मोबदला शून्य. मग तपासणार कोण? लिहून घेणार कोण? जो शिक्षक एक तासिका लोणावळ्यात व दुसरी तळेगावात घेऊन लोकलने चिंचवडला परततो आणि संध्याकाळी पोटासाठी शिकवणी घेतो, त्याने हे दहा तास आणावयाचे कोठून? गाइडांचा धंदा फोफावतो तो मुलांच्या आळसामुळे नव्हे. न दिलेल्या मोबदल्यातून आणि न तपासलेल्या वहीतून तो धंदा उभा राहिलेला आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर या शिक्षकाच्या श्रमाला गिऱ्हाईक एकच आणि विक्रेते असंख्य, अशी बाजारपेठ तालुक्यात असते. दोन-चार संस्था, त्यांची व्यवस्थापने एकमेकांच्या ओळखीची, आणि दाराशी नेट-सेट झालेल्या बेकारांची रांग. मार्क्सने जिला राखीव सेना म्हटले ती आता पदव्युत्तर पदवी घेऊन उभी आहे. अशा बाजारात एकट्या माणसाला बोलण्याची सोय नसते. पुढल्या जूनमध्ये बोलावतील की नाही, या भीतीने तो तुकडीच्या आकाराबद्दल बोलत नाही, पाठ्यपुस्तकाबद्दल बोलत नाही, थकलेल्या बिलाबद्दलही बोलत नाही.

दोन्ही सभांचे दार बंद

मग त्याची संघटना कोणती? महासंघाच्या व्यासपीठावरून तासिका शिक्षकांचे प्रश्न मांडले गेले हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि अशा संघटनांचा कणा मान्यताप्राप्त, पूर्णवेळ प्राध्यापकांचा आहे आणि त्यांच्या लढ्यांचा भरही स्वाभाविकपणे वेतनश्रेणी, थकबाकी, निवृत्तिवेतन यांवर राहिला आहे. विद्यापीठाचे दार तर कायद्यानेच बंद आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात ‘अध्यापक’ म्हणजे पूर्णवेळ मान्यताप्राप्त अध्यापक. निवडून द्यावयाच्या जागा त्या कायद्याने आधीच आकुंचित केल्या; उरलेल्या जागांसाठीही तासिका शिक्षकाला मत नाही. जो पाठ्यक्रम तो शिकवितो त्यावर त्याचा शब्द चालत नाही.

विषयवार परिषदांत तरी काय चित्र दिसते? २०१० सालच्या नियमावलीने पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. चर्चासत्राला किती गुण, निबंधाला किती गुण, असा बाजारभाव ठरला. त्यानंतर महाराष्ट्रात चर्चासत्रांचे पीक आले. नोंदणी फी भरावयाची, दहा मिनिटांत निबंध आटोपावयाचा, जेवण करून प्रमाणपत्र घ्यावयाचे आणि घरी जावयाचे. उत्तर-वसाहतवादावर, स्त्रीवादावर, डायस्पोरावर शेकडो निबंध वाचले गेले. प्रामाणिक अभ्यास करणारे त्यांत होते आणि आहेत. त्यांचा अधिक्षेप करावयाचा नाही. परंतु पवन मावळातील मुलीला इंग्रजी वाक्य रचता यावे म्हणून १२० च्या तुकडीचे काय करावयाचे, या प्रश्नाला तेथे कितीसे स्थान मिळाले? वसाहतवादाची चिकित्सा करणाऱ्या सभागृहाच्या दाराशी स्वागतकक्ष सांभाळावयास तासिका शिक्षक उभा, हे दृश्य ज्यांना खटकले नाही त्यांच्या चिकित्सेची धार तपासून पाहावी लागेल.

परदेशचा धडा

अमेरिकेतील इंग्रजीच्या शिक्षकांचा इतिहास या बाबतीत उद्‍बोधक आहे. त्यांची राष्ट्रीय परिषद १९११ साली शिकागो येथे स्थापन झाली. तिचे एक मुख्य कारण असे की, मोठ्या महाविद्यालयांनी प्रवेशासाठी ठरविलेल्या पुस्तकांच्या याद्या शाळांवर लादल्या जात होत्या आणि त्या याद्यांचा सामान्य मुलांच्या जीवनाशी संबंध नाही, अशी शिक्षकांची तक्रार होती. म्हणजे ती संघटना जन्मली तीच पाठ्यक्रमावरील हुकमतीविरुद्ध. १९४९ साली महाविद्यालयीन लेखन-अध्यापकांची शाखा निघाली. १९७४ साली तिने विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या बोलीच्या हक्काचा ठराव केला. पुढे १९९६ च्या सुमारास दोन वर्षांच्या महाविद्यालयांतील, म्हणजे कम्युनिटी कॉलेजांतील, इंग्रजीच्या शिक्षकांची स्वतंत्र संघटना त्याच परिषदेच्या छत्राखाली उभी राहिली. मोठ्या विद्यापीठांच्या सभांत आपला प्रश्न बुडून जातो, हा त्यांचा अनुभव होता. लेखनाच्या वर्गात वीसपेक्षा अधिक विद्यार्थी असू नयेत, हे प्रमाण तिकडील अध्यापकांच्या संघटनेने लेखी घोषित केले आहे. आपल्या १२० शी त्याची तुलना वाचकांनीच करावी.

परंतु तिकडचे सारे अनुकरणीयच आहे असे नव्हे. त्या महाविद्यालयांतील सुमारे दोन-तृतीयांश अध्यापक आजही अंशकालीन आहेत. १९८६ साली वायोमिंग येथे भरलेल्या इंग्रजी-अध्यापकांच्या परिषदेत अशा अध्यापकांच्या वेतनाविषयी व कामाच्या परिस्थितीविषयी एक खणखणीत ठराव झाला. किमान दर्जा ठरवावा, तक्रार नोंदविण्याची पद्धत असावी आणि न पाळणाऱ्या संस्थांचा जाहीर निषेध व्हावा, अशा त्याच्या मागण्या होत्या. तीन वर्षांनी, १९८९ साली, अध्यापकांच्या संघटनेने अधिकृत निवेदन काढले तेव्हा त्यात कायम पदांचा पुरस्कार आला, पण जाहीर निषेधाचे दात काढून घेतलेले होते. कायम नोकरीतल्यांचा वरचष्मा असलेली संघटना हंगामी माणसाचा ठराव कसा गुळगुळीत करून सोडते, त्याचा हा धडा आहे. आपण संघटना बांधू तेव्हा हा धडा पहिल्या दिवसापासून गाठीशी असला पाहिजे.

आक्षेप आणि उत्तरे

आपल्याच गोटातून दोन आक्षेप निघतील. पहिला असा की, समाजवाद्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांची कड का घ्यावी? डॉ. राममनोहर लोहियांनी ‘अंग्रेजी हटाव’ची हाक दिली, तिचे काय? लोहियांचा प्रहार होता तो राज्यकारभार, न्यायदान व शिक्षणाचे माध्यम या ठिकाणी बसलेल्या इंग्रजीवर, मूठभरांच्या सत्तेचे हत्यार बनलेल्या इंग्रजीवर. स्वतः बर्लिनला जाऊन जर्मन भाषेत प्रबंध लिहिणाऱ्या माणसाचा परभाषा शिकण्याला विरोध नव्हता. ज्या दिवशी उच्च न्यायालय आणि कंपनीचा कागद मराठीत बोलू लागेल तो दिवस आपल्याला आणावयाचाच आहे. परंतु तोपर्यंत हत्यार एकाच वर्गाच्या हाती राहू देणे म्हणजे लोहियांचे अनुयायित्व नव्हे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते: रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले कोरडी राहतात. २००० साली प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या पिढ्या आता पदवी घेऊन बाहेर पडल्या आहेत. बारा वर्षे इंग्रजी ‘शिकून’ही ज्यांना ते आले नाही, त्यांचे अपयश कोणाच्या पदरात टाकावयाचे?

मराठीचे वावडे असलेल्या इंग्रजीची कड आम्ही घेत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. मावळच्या मातीत या प्रश्नाला जुना संदर्भ आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापकी केलेल्या विष्णु गोविंद विजापूरकर यांनी राष्ट्रीय शिक्षणाचे समर्थ विद्यालय चालविले ते तळेगाव दाभाडे येथे. शिक्षण मातृभाषेतून व्हावे हा त्यांचा आग्रह. १९१० साली इंग्रज सरकारने ते विद्यालय बंद पाडले. विजापूरकर इंग्रजी उत्तम जाणणारे होते. भाषेचे ज्ञान आणि भाषेची गुलामी यांतला फरक त्यांना कोणी शिकवावयास नको होता. मावळातील इंग्रजीच्या अध्यापकाने हा वारसा आपलाही मानावा. मराठीच्या आधाराने, भाषांतराच्या वाटेने, मुलाच्या घरच्या बोलीचा उपमर्द न करता इंग्रजी शिकविता येते. किंबहुना अशा मुलांना तसेच शिकविता येते.

दुसरा आक्षेप एकजुटीचा. विषयवार संघटना निघू लागल्या तर प्राध्यापकांची एकी भंगणार नाही काय? ही शंका गंभीर आहे. तिचे उत्तर असे की, आम्ही सुचवितो ती संघटना महासंघाच्या जागी नव्हे, महासंघाच्या पायाशी असावी. गिरणीत जशी खात्याखात्याची समिती असे आणि युनियन एक असे, तसा हा संबंध राहावा. वेतनश्रेणीचा लढा राज्यपातळीवर महासंघाने लढवावा. परंतु तुकडी किती मोठी असावी, तपासणीचे तास मोजावेत की नाही, आमच्या मुलांना कोणत्या प्रकारचे इंग्रजी हवे, हे प्रश्न विषय शिकविणाऱ्यांनीच मांडावयाचे आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने विषयांचे दोन-दोन श्रेयांकांचे तुकडे केल्यानंतर तर कोणत्या विषयाचा कार्यभार कोठे वाढेल आणि कोठे गळेल याची शाश्वती उरलेली नाही. त्याचा पहिला घाव तासिका शिक्षकावर बसतो.

कार्यक्रम कोणता?

संघटना म्हणजे फलक आणि शिक्का नव्हे. तेव्हा नेमके काय करावयाचे ते सांगितले पाहिजे.

सदस्यत्व सर्वांना समान असावे. कायम, कंत्राटी, तासिका तत्त्वावरील, विनाअनुदानित तुकडीवरील, तसेच कनिष्ठ महाविद्यालयातील, जो कोणी तालुक्यात इंग्रजी शिकवितो तो सदस्य, आणि प्रत्येकाला एक मत. कार्यकारिणीतील निम्म्या जागा तासिका व कंत्राटी शिक्षकांसाठी राखून ठेवाव्यात. वायोमिंगचा ठराव ज्या वाटेने गेला त्या वाटेवर हा पहिला बांध. वर्गणी उत्पन्नाच्या प्रमाणात असावी. लाखाच्या घरात पगार घेणाऱ्याने आणि अकरा हजारांवर महिना काढणाऱ्याने सारखीच वर्गणी भरावी, ही समता नव्हे.

दुसरे काम गणतीचे. मावळातील महाविद्यालयांत इंग्रजीची मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती जण, तुकडीत मुले किती, बिले किती महिन्यांनी निघतात, याचा तक्ता संघटनेने दरवर्षी तयार करून वृत्तपत्रांकडे, विद्यापीठाकडे व उच्च शिक्षण सहसंचालकांकडे पाठवावा. ज्याची मोजदाद नाही त्याची दखल शासन घेत नाही, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा जुना अनुभव आहे.

तिसरी मागणी मोबदल्याची. तासिकेच्या दरात तपासणीचा वेळ धरला जावा, बिल दरमहा निघावे, नेमणूक वर्षारंभी लेखी व्हावी, आणि रिक्त पदे भरण्याचे वेळापत्रक जाहीर व्हावे. लेखनाच्या तासापुरते तरी तुकडीचे चाळीस-चाळीसचे तीन गट करावेत. म्हणजे आपोआप कार्यभारही वाढेल आणि पदेही निघतील. शासन म्हणेल की पैसा नाही. पैसा किती लागेल हे मोजून दाखविणे संघटनेचे काम आणि तो कोठे जातो हे विचारणे नागरिकांचे.

चौथे काम पाठ्यक्रमाचे. नेमणुकीचे पत्र, पगारपत्रक, विमा, माहितीच्या अधिकारातील उत्तर, न्यायालयाची नोटीस असे कागद वाचावयास आणि त्यांना उत्तर द्यावयास शिकविणारा, मराठी-इंग्रजी भाषांतराला मानाचे स्थान देणारा अभ्यास संघटनेने स्वतः रचावा, स्वस्त पुस्तिका काढावी आणि अभ्यास मंडळापुढे ठेवावा. कविता-कादंबरीला रजा द्यावी असा याचा अर्थ मुळीच नाही. गरिबाच्या मुलाने फक्त अर्ज लिहावयास शिकावे आणि साहित्याचा आनंद श्रीमंताच्या मुलाने घ्यावा, ही वाटणीही आम्हाला मान्य नाही. दोन्ही मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी तास, तुकडी व शिक्षक पुरेसे पाहिजेत.

पाचवे, संघटनेच्या सभा गुणांकनाच्या प्रमाणपत्रासाठी भरू नयेत. नोंदणी फी नसावी. तीन महिन्यांतून एकदा, कधी लोणावळ्यात, कधी वडगावात, कधी तळेगावात, लोकलच्या वेळा पाहून रविवारी बसावे. वर्गात काय फसले व काय साधले याचे आपसात मोकळेपणाने बोलावे. चर्चा मराठीतून चालली तर कोणाचा दर्जा घसरत नाही.

संस्थाचालक म्हणतील की ही उठाठेव कशाला, ‘आमच्याकडे सारे एका कुटुंबासारखे राहतात.’ कुटुंबात एकाला वर्षभर जेवण आणि दुसऱ्याला हजेरीवर पोळी असे असेल, तर त्या कुटुंबाला ज्या नावाने ओळखतात ते सर्वांना ठाऊक आहे. कायम प्राध्यापकांपैकी काही म्हणतील की आमचा लढा झाला, आता तरुणांनी पाहावे. त्यांना एवढेच सांगावयाचे आहे की, रिकाम्या होणाऱ्या प्रत्येक जागेवर तासिका शिक्षक बसत गेला, तर दहा-पंधरा वर्षांत महासंघाचा मोर्चा निघेल तो निवृत्तांचाच असेल. ज्याला आज सभेत बोलावले नाही तो उद्या संपात येणार नाही.

पुढले शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. तासिका शिक्षकांच्या मुलाखती त्याच सुमारास होतात आणि नेमणुकीच्या पत्राविनाच तास सुरू होतात. संघटना व्हावयाची तर ती त्याआधी झाली पाहिजे, आणि तिच्या पहिल्या सभेचा पहिला ठराव ‘लेखी नेमणूक हातात पडल्याशिवाय पहिला तास नाही’ हा असला पाहिजे. तो ठराव कायम प्राध्यापकांनी मांडावा आणि त्याखाली पहिल्या सह्या त्यांनीच कराव्यात. त्यांच्या नोकरीला त्यामुळे धक्का लागणार नाही, आणि ज्यांच्या नोकरीला लागू शकतो त्यांच्या पाठीशी उभे राहण्याला दुसरा अर्थही नाही.